फिलोमेना टीचरांची भूक

फिलोमेना टीचर वजनकाट्यावर चढायच्या त्या होडीत पाय टाकल्यासारख्या. आधी एक पाय, मग अंदाज, मग दुसरा. त्याआधी पर्स माझ्याकडे, छत्री भिंतीला टेकवून, चपला बाजूला, आणि काट्याला दरडावणी, "पेलतलंस मां रे माका?" काटा थरथरून स्थिर व्हायचा. सिस्टर आकडा मोठ्याने वाचायला लागली की टीचर म्हणायच्या, "गो बाय, हळू वाच. भायर लोकांची पोरां आसत, भियातली."

डायलिसिसला येणाऱ्या माणसाचा दिवस काट्यावर सुरू होतो. किडन्या काम करत नसल्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. म्हणून यंत्राला जोडण्याआधी वजन करतात, ठरलेल्या वजनापेक्षा जेवढं जास्त भरेल तेवढं पाणी काढतात, आणि सोडताना पुन्हा काट्यावर उभं करतात. बाकीच्या जगात माणसं वजनाबद्दल सर्रास खोटं बोलतात. आमच्याकडे ती सोय नाही.

मालवणातल्या एका रुग्णालयाच्या मागच्या अंगाला आमची ती लांबट खोली आहे. सोमवार आणि गुरुवार सकाळ आमची. माझी खुर्ची टीचरांच्या डावीकडे, आणि समोर धामापूरचे परब, भात आणि काजू करणारे. टीचरांनी एका कॉन्व्हेंट शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवला होता. मी वाचनालयातून निवृत्त झालो होतो. म्हणजे गावाला शहाणं करण्याच्या कामात आम्ही दोघेही होतो आणि गावावर त्याचा परिणाम दोघांनाही दिसला नव्हता. माझ्या अंगावर मांस असं कधीच नव्हतं. पहिल्या दिवशी टीचरांनी मला चष्म्यावरून पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या कोण? गोलमो?" गोलमो म्हणजे बारीक सुकी कोळंबी. त्या दिवसापासून माझं खरं नाव फक्त रुग्णालयाच्या बिलावर उरलं.

त्यांचं ठरलेलं एक होतं. सुया टोचून झाल्या, यंत्रं गुरगुरायला लागली, की त्या खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "आज खंय जेवाक जाऊया?"

आम्हाला शहाळं बंद, केळं बंद, सुकी मासळी बंद, मीठ नावापुरतं, पाणी भांड्याने मोजून. ज्याच्या दारात चार माड उभे आहेत त्याला शहाळं बंद करणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या आहारतज्ज्ञाला कळणार नाही. टीचरांनी त्यावर उपाय काढला होता. त्या आम्हाला तोंडी जेवू घालत.

"आज माझ्याकडे चला, टीचर," परब म्हणायचे.

"तुझ्याकडे नको रे बाबा. तुझी बाईल बांगड्याक तिरफळां घालूक विसारता."

"तुमका काय म्हायती?"

"तुझ्या झिलाच्या लग्नात जेवलंय मी. तिरफळां नाय आणि वर खोबऱ्याची कंजुशी."

मग त्या स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरायच्या. तिसऱ्यांची एकशिपी करायची झाली तर त्या किती पाण्यांनी धुवायच्या इथपासून सुरुवात. "आदाळ्याच्या पात्यार फोडूच्यो. एक शिपी फेकूची, मांस दुसऱ्या शिपीत ठेवचा. आणि फोडताना जा पाणी गळता, ता फेकशात तर माझ्याशी बोलू नकात. सगळी चव थंयच आसा." खोबरं भाजल्याचा वास यायला लागायचा, शपथेवर सांगतो. परब आवंढा गिळायचे. सिस्टर वैतागून म्हणायची, "टीचर, तुमच्यामुळे सगळ्यांना तहान लागते आणि पुढच्या वेळी सगळ्यांची वजनं वाढून येतात!" टीचर म्हणायच्या, "शाळेतसुद्धा माझ्यानंतरच्या तासाक पोरां आवरत नसत."

त्यांना स्वतःला मनापासून जेवायला आवडायचं आणि ते अंगावर दिसायचं. दंड गोल, मनगटात रुतलेलं घड्याळ, चालताना आवाज करणारा झगा. लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली तेव्हा धाकटा भाऊ आग्नेल लहान होता. त्याला यांनीच वाढवला. आग्नेल पुढे जहाजावर स्वयंपाकी झाला. "तो घरात खाऊन खाऊन शिकलो," असं टीचर सांगायच्या.

आमच्या विभागाला दोन नवीन यंत्रं मिळाली तेव्हा एक समारंभ झाला. समारंभ म्हटलं की मला अंगावर काटा येतो, पण सुई टोचलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. यंत्रांना झेंडूचे हार घातले. हार घातलेल्या यंत्राकडे बघून परबांनी मला विचारलं, "ह्या मेला काय?" प्रमुख पाहुण्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि उकाडा फार म्हणून सगळ्या मान्यवरांना शहाळी दिली. ती त्यांनी आमच्यासमोर उभं राहून प्यायली. आम्ही सगळे यंत्राला बांधलेले, त्या शहाळ्यांच्या नळ्यांतून वर चढणाऱ्या पाण्याकडे बघत होतो.

मग पाहुण्यांचं भाषण. त्यांना कुणीतरी विषय दिला असावा, किंवा ते सगळीकडे हेच बोलत असावेत. लठ्ठपणा हा सर्व रोगांचा जनक आहे. वजन घटवा, आयुष्य वाढवा. हे बोलताना त्यांची नजर फिरत फिरत टीचरांवर येऊन थांबायची.

टीचरांनी मोकळा हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा. आणि मालवणी बाजूला ठेवून, कचेरीत वापरायच्या मराठीत म्हणाल्या, "महोदय, एक शंका आहे. आपले डॉक्टर इथेच आहेत. त्यांनी सांगावं. डायलिसिसवर जास्त कोण टिकतं? माझ्यासारखी, की ह्याच्यासारखा?"

ह्याच्यासारखा म्हणजे मी. मी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

डॉक्टर तरुण होता. आठवड्यातून एकदा, कधी सोमवारी कधी गुरुवारी, कुडाळहून यायचा. किडनीचं नीट शिक्षण घेऊन या भागात यायला तयार झालेला, म्हणजे एकतर साधा असावा किंवा वेडा, असं आमचं मत होतं. त्याचे कान लाल झाले. "साधारणपणे," तो म्हणाला, "म्हणजे एकेका माणसाबद्दल काही सांगता येत नाही, पण साधारणपणे डायलिसिसवर अंगाने भरलेले रुग्ण जास्त टिकलेले दिसतात. इतर लोकांच्या उलट आहे हे."

पाहुण्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली.

"मीही तेच म्हणत होतो," पाहुणे म्हणाले, आणि फोटो काढण्यात आले.

पुढच्या गुरुवारी टीचरांनी डॉक्टरला खुर्चीजवळ स्टुलावर बसवलं आणि तास घ्यायला लावला. चरबी म्हणजे नुसती साठवणीची कणगी नाही, तो सांगू लागला. ती रक्तात निरोप सोडत असते. लेप्टिन नावाचा एक निरोप मेंदूला सांगतो, पुरे, साठा भरलेला आहे, जेवण थांबव. अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचा दुसरा रक्तवाहिन्यांना सांभाळतो, आणि तो गंमत म्हणजे बारीक माणसात जास्त असतो. निरोगी माणसात तो जास्त असणं चांगलं. किडनीच्या रुग्णांत मात्र हिशेब असे सरळ लागत नाहीत. त्याच्या जुन्या कॉलेजात यावरच काम चाललं होतं, त्यासाठी त्याला आमचं थोडं थोडं रक्त हवं होतं. आता एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा.

"घे," टीचर म्हणाल्या. "पण मार्क माका कळूक व्हये."

"संशोधनातले आकडे रुग्णांना द्यायचे नसतात, टीचर."

"पेपर कोणी लिवलो? रक्त कोणाचा?"

डॉक्टरने आमच्याकडे मदतीसाठी पाहिलं. आम्ही छताकडे पाहिलं. त्यानंतर दोन आठवडे त्यांनी सगळ्यांकडून अ‍ॅडिपोनेक्टिन म्हणवून घेतलं, तुकडे पाडून, जिभेला वळण लागेपर्यंत. परबांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. ते "आडीपोटली" म्हणायचे, आणि टीचर म्हणायच्या की अर्थाच्या दृष्टीने हे जास्त बरं आहे.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग आग्नेल सुट्टीवर आला.

त्याने बहिणीला किडनी द्यायचं ठरवूनच बोट सोडली होती. टीचरांनी महिनाभर त्याला नाही म्हटलं, शिव्या दिल्या, जहाजावरून परत बोलावणार नाहीत अशी भीती घातली. तो रोज सकाळी चहा देताना एकच वाक्य म्हणायचा, "फिलू, कधी जाऊया?" शेवटी तपासण्या झाल्या, जुळलं. दोघं शहरातल्या मोठ्या सर्जनकडे जाऊन आली. सर्जनने सगळं पाहिलं आणि सांगितलं की ऑपरेशन करता येईल, पण आधी वजन उतरवा. इतक्या चरबीत जखम भरत नाही, नवी किडनी धोक्यात येते. त्याने एक आकडा सांगितला. त्याच्या खाली आलात की या.

सोमवारी टीचर आल्या त्या काट्याशी काही न बोलता चढल्या. डॉक्टर आला तेव्हा त्यांनी विचारलं, "तू म्हणतंस जाड माणूस टिकता. तो म्हणता बारीक हो. मी खंय जाऊ?"

डॉक्टर खूप वेळ कागद चाळत राहिला. कागदात काही नव्हतं. "दोघंही बरोबर आहोत," तो म्हणाला. "इथे टिकायचं तर अंगावर असलेलं बरं. इथून सुटायचं तर कमी केलेलं बरं. उतरवा, पण सावकाश. मांस जाता कामा नये. अंडी, मासे सोडायचे नाहीत."

सावकाश हा शब्द टीचरांनी ऐकला असेल, पण आग्नेलच्या सुट्टीला शेवट होता. आणि नेमका तेव्हाच राखेचा बुधवार आला.

ख्रिस्ती घरांत तिथपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस उपवासाचे. टीचर ते दरवर्षी पाळायच्या, आपल्या पद्धतीने, म्हणजे मटण सोडायचं आणि मासे दुप्पट करायचे. यंदा त्यांनी ते खरोखर धरले. सकाळी पेज, दुपारी एवढासा भात, संध्याकाळी काही नाही. चर्चचे फादर मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, आजाऱ्यांना उपवास माफ आहे, कुणी तुमच्यावर ठपका ठेवणार नाही. टीचर म्हणाल्या, "फादर, ही माफी देवाकडची. सर्जनकडची खंय आसा?"

पहिले दिवस भयंकर गेले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं पोट बोलायचं आणि त्या त्याला उत्तर द्यायच्या. एकदा सिस्टर डबा उघडून बसली तर यांनी तिला भूगोलाच्या बाईच्या आवाजात "दक्षिणेकडे तोंड करून बस" म्हणून सांगितलं. पण वजन उतरत होतं. मनगटावरचं घड्याळ फिरायला लागलं. वायरी गावच्या रस्त्याला भेटणारे लोक म्हणायचे, टीचर, वीस वर्षांनी लहान दिसताय. आपल्याकडे माणूस वाळला की त्याचं अभिनंदन करतात, निदान शेवटची पायरी येईपर्यंत.

आणि मग त्यांना भूक लागेनाशी झाली.

त्यांनी ते मला आनंदाने सांगितलं. "गोलमो, सुटलंय मी. आता जेवणाची आठवणच येत नाय. देवान ऐकल्यान." आग्नेललाही तसंच वाटलं. घरातल्या क्रूसापुढे त्याने मेणबत्ती लावली. एवढी वर्षं जेवणावर प्रेम केलेल्या बाईची उपवासाच्या दिवसांत भूक मावळली, तर श्रद्धावान घरात त्याला कृपा म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? आमच्या परबांनीसुद्धा, जे सोमवार धरायचे आणि दुपारी दोनला सोडायचे, हात जोडले.

त्याच आठवड्यात परबांनी विचारलं, "टीचर, आज खंय जेवाक जाऊया?" कारण टीचरांनी स्वतः विचारलं नव्हतं.

"एकशिपी करूया," त्या म्हणाल्या. तिसऱ्या धुतल्या. फोडल्या. मग थांबल्या. आम्ही वाट बघितली. "मगे काय ता घाला," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

परबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या फोडण्याचं पाणी फेकलं की ठेवलं, हे त्यांनी सांगितलंच नाही.

वजन सर्जनच्या आकड्याच्या जरा वर येऊन अडकलं. आठवडे गेले तरी तिथेच. टीचरांनी दुपारचा भातही निम्मा केला. काटा हलेना. चेहरा तर भरलेला दिसायचा, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. त्या स्वतःवरच रागवायच्या, "खाणा नाय, पिणा नाय, आणि ह्या उतारना नाय. हट्टी अंग."

ईस्टरच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. जेवायला म्हणजे बघायला. पथ्य मलाही होतंच. आग्नेल दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आला नव्हता. टेबलावर इडलीसारखी पांढरीशुभ्र सान्नां, डुकराच्या मांसाचं झणझणीत सोरपोतेल, मला वेगळं बिनमिठाचं काहीतरी, जे तोंडात घेतल्यावर त्याच्या कलेबद्दल आदर वाटला. टीचरांनी स्वतःला एक पान कबूल केलं होतं. एकच, सर्जनला न सांगता. त्या नवा झगा घालून आल्या. तो खांद्यावरून उतरत होता. प्रार्थना म्हटली. सान्नाचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला.

चावत राहिल्या. आग्नेल टेबलाला टेकून उभा, फडकं खांद्यावर, शाळकरी पोराने निकालाकडे बघावं तसा बघत होता.

"कसा झालाहा?"

"बरा झालाहा," त्या म्हणाल्या. घोटभर पाणी घेऊन त्यांनी तो तुकडा खाली ढकलला. दुसरा हातात घेतला आणि ताटात परत ठेवला. "माका नको, आग्नेल."

"वजनाचा बघू नको गो आज. आज ईस्टर."

"वजनाचा नाय रे." त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढ्या महिन्यांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "माका होयाच वाटना नाय. माझ्यासमोर सोरपोतेल आसा आणि माका काय वाटना नाय."

आग्नेल हसला. बहीण उपवासात टिकली याचा त्याला अभिमान होता. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि फडकं खांद्यावरून काढलं.

गुरुवारी डॉक्टरला टीचरांनी हे सगळं सांगितलं. त्याने त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग त्याने दंडाची कातडी चिमटीत धरली. चिमटीत दुसरं काही आलंच नाही.

"मांस गेलं आहे," तो म्हणाला. "त्याच्या जागी पाणी आलं आहे. काट्याला दोन्ही सारखंच."

पुढच्या काही वेळांत त्याने ते पाणी हळूहळू काढलं. पाणी गेलं तशा टीचर दिसू लागल्या, म्हणजे काय उरलं होतं ते दिसू लागलं. गालांची हाडं, मानेच्या शिरा. वजन सर्जनच्या आकड्याच्या खाली गेलं, एका झटक्यात.

दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्ताचे आकडेही तेव्हाच आले. टीचरांनी मार्क मागितले. डॉक्टरने या वेळी नियम सांगितला नाही. अ‍ॅडिपोनेक्टिन वाढलं होतं, चांगलंच. आग्नेलने तिथेच मोबाईल काढून वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "फिलू, ह्या चांगला! हृदयाक चांगला, साखरेक चांगला. बघ, लिवलाहा!"

टीचर डॉक्टरकडे बघत होत्या. "खरा सांग. चांगले मार्क की वाईट?"

"निरोगी माणसाला चांगले," डॉक्टर म्हणाला. "डायलिसिसवर ते असं वाढतं तेव्हा पुष्कळदा अंग झिजत असतं. ते स्वतः काही वाईट करतं, की शरीर वाचवायला म्हणून ते जास्त सोडतं, हे आम्हाला अजून नक्की माहीत नाही."

"आणि भूक?"

"लेप्टिन किडनीतून बाहेर जातं. किडनी नसली की ते रक्तात साचतं आणि मेंदूला सांगत राहतं, पोट भरलं आहे. भूक जाण्याचं तेवढंच कारण असेल असं नाही. पण उपवासाने नाही गेली, टीचर."

टीचरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग भूगोलाच्या तासाला बोलत असाव्यात तसं, कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "वाऱ्याचो इशारो इलो की देवगडच्या बंदरात आसऱ्याक इल्ल्यो बोटीच बोटी दिसतत. बोटींनी वादळ हाडूक नाय. पण बोटी दिसल्यो की वादळ आसा, ह्या खरा." डॉक्टरने मान हलवली. आग्नेलचा मोबाईल हातातच राहिला.

मग वाद सुरू झाला, आणि तो पावसाळ्यापर्यंत चालला. वजन बसलं म्हटल्यावर सर्जनच्या ऑफिसातून निरोप आला, भरती व्हा. आग्नेलचं म्हणणं, लगेच जाऊया. सुट्टी त्याने एकदा वाढवली होती, आता जहाज थांबणार नव्हतं, आणि पुढची सुट्टी कोणी पाहिली आहे. डॉक्टरचं म्हणणं, अशा अंगाने ऑपरेशन टेबलावर जायचं नाही. दोन महिने खा, अंगात काहीतरी येऊ दे, मग जा. दोघंही टीचरांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहून हळू आवाजात भांडायचे. एकदा त्या म्हणाल्या, "दोघांय बाकावर उभे ऱ्हवा." दोघंही बाजूला सरले, पण हसलं कुणी नाही.

एकदा यंत्र चालू असताना त्या मला म्हणाल्या, "आग्नेलाची किडनी घेवन मी मेलंय तर तेका काय ऱ्हवतला? एक किडनी आणि जहाज नाय." थोड्या वेळाने, "आणि नाय घेतलंय तर तो जन्मभर म्हणतलो, फिलून माका संधीच दिल्यान नाय." मी वाचनालयात आयुष्य काढलेला माणूस, उत्तर कुठल्या कपाटात असेल ते सांगायची मला सवय. मी त्यांच्या पर्सचा पट्टा नीट केला.

शेवटी एका सोमवारी आग्नेलने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की गुरुवारी त्या नक्की काय ते सांगतील. आता, की दोन महिन्यांनी. त्याला कळवायचं होतं, सर्जनला आणि जहाजाच्या कंपनीला.

तो गुरुवार आला. पण आकाश असं कोसळत होतं की डॉक्टर कुडाळहून पोचू शकला नाही, आणि टीचर म्हणाल्या, त्याच्यासमोरच सांगणार. म्हणजे सोमवारवर गेलं. शनिवारी त्यांना ताप आला. झिजलेल्या अंगाला तो पेलला नाही. रविवारी संध्याकाळी चर्चमधून घंटेचा आवाज आला तेव्हा परबांचा फोन आला. धामापूरपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती.

आग्नेल अजून जहाजावर गेलेला नाही. दोन्ही किडन्या त्याच्याकडे आहेत आणि त्या घेऊन काय करायचं ते त्याला समजत नाही असं दिसतं. भेटला की विचारतो, "भाऊ, तेव्हाच नेलंय असतंय तर?" डॉक्टरला विचारलं तर तो म्हणतो, सांगता येत नाही, आणि पहिल्यासारखे त्याचे कान लाल होतात. परब विचारतात, अंगावर एवढं होतं ते तसंच ठेवलं असतं तर? मी या सगळ्यांपेक्षा बारीक, आणि मी अजून त्या खोलीत जातो. साधारणपणे हा शब्द डॉक्टरांनी कुणाच्या सोयीसाठी शोधला असेल ते मला माहीत नाही.

शोकसभेत तिघा वक्त्यांनी सांगितलं की फिलोमेना टीचर आजाराशी शूरपणे लढल्या. समारंभातले पाहुणेही आले होते, त्यांनी "झुंजार" असा शब्द वापरला. मी टीचरांना शेवटचं पाहिलं तेव्हा त्या जेवत होत्या.

तो शेवटचा गुरुवार. डायलिसिस संपवून मी बाहेर पडलो तर पोर्चमध्ये आग्नेलची गाडी उभी होती. पुढच्या सीटवर टीचर, दार उघडं, पाय बाहेर, मांडीवर डबा. आग्नेल औषधांच्या दुकानात गेला होता. डब्यात उकडलेली अंडी होती. पिवळं काढून त्या पांढरं खात होत्या, कसलीही चव न घेता, पाटीवर अक्षर गिरवावं तसं चिकाटीने. अर्धं झालं होतं. पागोळ्यांचं पाणी त्यांच्या चपलांवर उडत होतं, तिकडे लक्ष नव्हतं.

मी छत्री उघडत विचारलं, "टीचर, डॉक्टरला सांगाल तेव्हा सांगा, पण मला तरी सांगा. काय ठरवलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. पण तोंडात घास होता, आणि तोंडात घास घेऊन बोलणाऱ्याला त्यांनी आयुष्यभर वर्गाबाहेर काढलं होतं. त्यांनी एक बोट वर केलं. थांब.

मी थांबलो. त्या चावत होत्या. गिळायचा प्रयत्न करत होत्या, पुन्हा चावत होत्या. गेटाशी माझा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मागे रुग्णवाहिका अडकली होती. मी म्हटलं, "सोमवारी सांगा." त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. रिक्षा वळली तेव्हा मी मागच्या फटीतून पाहिलं. घास अजून तोंडातच होता, आणि बोट वर.